एसी लावला की काटा वर: तापणाऱ्या इंजिनची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

सोलापुरात मार्च उलटला की गॅरेजला एकच तक्रार रांगेनं येते. "मेस्त्री, गाडी लई तापलालीय, जरा पाणी टाकून द्या." यातल्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यापायी आजवर खूप चांगली इंजिनं उघडावी लागली आहेत. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रसायन मिसळलेलं पाणी, पेट्रोलसारखं जळून संपत नाही. इंजिन, रेडिएटर (ते गार करणारी पुढची जाळी), पुन्हा इंजिन असं ते बंद वाटेनं फिरत राहतं. ते कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलं. कुठून गेलं ते न बघता नुसतं भरत राहिलं, तर दोनशे-तीनशे रुपयांचं काम हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडण्यापर्यंत जातं. म्हणून हा सगळा क्रम लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं: गाडी नेमकी केव्हा तापते?

गाडी तापते एवढंच सांगितलं तर मेस्त्रीला फारसं काही कळत नाही. केव्हा तापते ते सांगितलं की निम्मं निदान तिथंच होतं.

- सात रस्ता किंवा जुना पुणे नाक्याच्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो, पण हायवेला लागून वेग घेतला की आपोआप खाली येतो. हवा पुरत नाही. बहुतेक वेळा फॅन, नाहीतर जाळीत साठलेला कचरा.
- गावात ठीक, पण मोहोळकडे वेगात जाताना किंवा तुळजापूरचा घाट चढताना तापते. हवा भरपूर आहे, पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोक, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धवट उघडणारा, वॉटर पंप कमजोर किंवा कूलंटच कमी.
- सकाळी स्टार्ट केल्यावर काही मिनिटांतच लालकडे. थर्मोस्टॅट बंद अडकलाय, कूलंट फारच खाली गेलंय किंवा आत हवा अडकलीय.
- गार इंजिनला नुसती चावी फिरवली तरी काटा लालवर. इंजिन तापलेलंच नाही, सेन्सर किंवा वायर बघा.
- गाडी उभी असताना एसी गार करत नाही, चालायला लागली की करतो. ही फॅनची पहिली तक्रार असते. काटा हलायच्या आधी ती येते आणि लोक एसीचा गॅस भरून घेतात.
- समोरची काच आतून चिकट धूसर होते, केबिनमध्ये गोडसर वास येतो, पायाखालचं मॅट ओलं. हीटरची कॉइल गळते.
- दर आठवड्याला पाणी लागतं, खाली थेंब नाही, सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ मिसिंग (इंजिन अडखळतं) आणि पांढरा धूर. हे सगळ्यात वाईट, शेवटी त्यावर येतो.

एक लक्षण वेगळं सांगायला हवं, कारण ते फसवतं. काटा चढत चढत लालजवळ येतो आणि अचानक तळाला जातो. ड्रायव्हरला वाटतं, गाडी गार झाली. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर पाण्याचं तापमान सांगतो. पाणी निघून गेलं आणि तो हवेत उघडा पडला की खोटं सांगतो. बॉनेटमधून वाफ येतेय आणि काटा खाली आहे, असं दिसलं तर त्याच जागी इंजिन बंद करा. बऱ्याच नव्या गाड्यांना काटाच नसतो, गार असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल. तो लाल दिवा उशिरा लागतो, म्हणून तो दिसल्यावर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असं करू नका.

ऊन जास्त आहे म्हणून गाडी तापते, हेही पुरतं खरं नाही. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ६५ चा. मे महिन्यात आपल्याकडे हवा ४२ वर जाते, फरक ४८ वर येतो, आणि पुढे एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) असल्यामुळे रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा आणखी तापलेली. धड असलेली गाडी हे सहज सोसते. अर्धा चोक झालेला रेडिएटर जानेवारीत चालून जातो आणि मेमध्ये उघडा पडतो. गड्ड्याच्या यात्रेत, थंडीच्या दिवसांत, होम मैदानाजवळच्या गर्दीत गाडी तापली असेल तर उन्हाळ्याची वाट बघू नका, बिघाड आत्ताच आहे.

रस्त्यात तापली तर

काटा नुसता वर सरकत असेल तर एसी बंद करा, हीटर गरमवर आणि पंखा फुल करा. उन्हाळ्यात हा उपाय ऐकून लोक चमकतात, पण हीटरची कॉइल हा छोटा दुसरा रेडिएटरच आहे. बाजूला घ्या आणि इंजिन नुसतं चालू ठेवा, पंप आणि फॅन फिरत राहू द्या. काटा लालला टेकला, दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर मात्र लगेच बंद.

कॅपला हात लावू नका. साधं पाणी उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळतं. कॅपनं साधारण १ बार दाब धरला की तेच पाणी १२० च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅप उघडली की दाब जातो, आणि ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी उकळून चेहऱ्यावर उडतं. वरचा होज पाइप हातात धरवेल इतका गार होईपर्यंत थांबा, अर्धा-पाऊण तास तरी. मग जाड फडकं ठेवून कॅप थोडी सैल करा, दाब जाऊ द्या, नंतर काढा. तापलेल्या इंजिनवर बाहेरून बादली ओतू नका, आत गार पाणीही एकदम भरू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

पहिली तपासणी: पातळी आणि रंग

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची. पैसे लागत नाहीत. रिझर्व्ह बाटलीवर खालची आणि वरची अशा दोन रेघा असतात, पातळी त्यांच्या मध्ये हवी. रेडिएटरला वेगळी कॅप असेल तर तीही उघडून बघा, कारण कॅपचा रबर गेला असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं सर्रास सापडतं. पातळीवर मार्करनं खूण करा, तारीख लिहा, आठवड्यानं बघा.

रंग हिरवा, गुलाबी, निळा कोणताही असू दे, पण स्वच्छ हवा. तांबूस गढूळ असेल तर आत गंज आहे. वर तेलाची साय दिसली, किंवा इंजिन ऑइलच्या झाकणाखाली घट्ट दुधी चिकटा दिसला, तर पुढचं सगळं थांबवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. (फक्त गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला पावसाळ्यात थोडा दुधी थर येतो, तो हवेतल्या ओलीचा. डिपस्टिकवर तेल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर घाबरू नका.)

कॅप

सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात शेवटी बदलला जाणारा. दाब धरायचं काम तिचं. रबर कडक झाला, चिरला, स्प्रिंग मऊ पडली की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर पडतं. इंजिन गार झाल्यावर वरचा पाइप चिपाडासारखा चपटा झालेला दिसला, तर कॅपचा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. नवी घेताना जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याच दाबाची घ्या. जास्त दाबाची बसवली तर फायदा होत नाही, जुने पाइप फुटतात.

जाळी

हा आपल्या शहराचा खास भाग आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांजवळ ज्यांच्या गाड्या दिवसभर उभ्या असतात, त्यांची जाळी एकदा टॉर्चच्या उजेडात बघा. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, कारण गाडी धुताना तो धुतला जातो. त्याच्या मागे, रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत, सुताचा भुगा धुळीत कालवून नमद्यासारखा बसलेला असतो. फॅन चालू झाला की तो हवा ओढतो आणि तूस त्या फटीत अडकतं. गाळपाच्या हंगामात ऊस वाहणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्यांत उसाच्या पाचटाचा चुरा आणि किडे.

साफ करताना पाणी इंजिनकडून पुढे, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेनं मारायचं. समोरून मारलं तर कचरा आणखी आत जातो. घरच्या नळीचा साधा दाब पुरे. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं तर पत्र्याच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. इंजिन गार हवं, कनेक्टर झाकलेले हवेत. फटच बुजलेली असेल तर कंडेन्सर थोडा पुढे सरकवावा लागतो, ते काम गॅरेजमध्ये करून घ्या, कारण त्यात एसीचा गॅस भरलेला असतो.

फॅन

इंजिन चालू करा, एसी लावा, बॉनेट उघडून बघा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरायला लागतो. हात आणि ओढणी-उपरण्याचं टोक लांब ठेवा, इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

एसीवर फिरतो, पण एसी बंद ठेवून इंजिन तापू दिल्यावर फिरत नाही, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायरिंग. दोन्ही वेळा फिरत नाही, तर आधी फ्यूज. मग रिले, म्हणजे फॅनला वीज जोडणारा छोटा स्विच. फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा रिले बऱ्याचदा त्याच नंबरचा असतो, छापलेला नंबर जुळला तर अदलाबदल करून बघा. पैसे न घालवता रिलेचा निकाल लागतो. मोटरच्या पाठीवर लाकडाच्या दांड्यानं हलकं ठोकल्यावर फॅन सुरू झाला तर कार्बन ब्रश झिजलेत. तो पुन्हा थांबणार, तेव्हा त्यावर लांबचा प्रवास करू नका. फक्त फुल स्पीडनं फिरतो आणि हळू फिरतच नाही, तर रेझिस्टर जळालेला असतो.

बोलेरोसारख्या, इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसवलेल्या काही गाड्यांत फॅन बेल्टवर आणि मध्ये चिकट तेलाचा क्लच. इंजिन तापवून बंद करा आणि फॅन हातानं ढकला. गरम असताना तो जड वाटायला हवा. सुटा गरगर फिरत राहिला तर क्लच गेला. बेल्टचा ताणही तेव्हाच बघून घ्या.

गळती शोधणं

कूलंट सुकलं की मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा राहतो. गाडी गार असताना टॉर्च घेऊन तो शोधा: होज पाइपच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड, वॉटर पंपाखालचं बारीक भोक. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, तिथून पाणी आलं की पंपाचं सील गेलं असं समजायचं. ते बुजवू नका. पाइप दाबून बघा, आत करकर आवाज आला किंवा तो फुगून मऊ लागला तर बदला.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत एक जागा नेहमी सुटते. सीएनजीचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला कूलंटचीच लाइन कापून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवलेला असतो. तिथल्या क्लिपा बॉनेटच्या कोपऱ्यात, बॅटरीआड. कूलंट कमी होतंय आणि गळती सापडत नाही अशा कित्येक गाड्यांत ती तिथं सापडली आहे.

तरीही सापडली नाही तर प्रेशर टेस्टर लावा. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरतात आणि काटा पडतो का बघतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, त्याचा आग्रह धरा.

हळद टाकून गळती बंद करायची जुनी रीत ट्रकवाल्यांकडून कारमध्ये आली. गळती थांबते हे खरं आहे. पण कारच्या रेडिएटरच्या नळ्या आतून एक-दोन मिलिमीटरच्या, हीटरच्या कॉइलच्याही बारीक. हळद भोकात बसते तशी तिथंही बसते. बाजारातल्या गळती बंद करणाऱ्या पावडरींचंही तेच. आडरानात अडकलात आणि गाव गाठायचंय, तर एकवेळ ठीक, पण लगेच सगळं फ्लश करून घ्या.

बोअरचं पाणी

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथल्या तापणाऱ्या गाड्यांचं मूळ बहुतेक इथं असतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे गाडीत हाताशी असेल ते, म्हणजे बोअरचं पाणी जातं. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तोच थर इंजिनच्या आत बसतो, आणि तो धातू जिथं सगळ्यात तापतो तिथं आधी बसतो, हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला. थर उष्णता नीट जाऊ देत नाही. त्यामुळे काटा मध्यावर असतानाही हेडचा तेवढा भाग जास्त तापलेला राहतो. सुटलेले कपचे रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन अडकतात. वर साध्या पाण्यानं कूलंट पातळ झालं की त्यातलं गंज रोखणारं रसायनही कमी पडतं.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर साधारण निम्मं-निम्मं. बॅटरीच्या दुकानात मिळतं तेच पाणी. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, डब्यावर लिहिलेलं असतं. रंगावरून कूलंट निवडू नका, कारण रंग कंपनी आपल्या मर्जीनं देते. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका, काहींचा गाळ होतो. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारतात. गोठण्यापासून वाचवणं हे त्याचं एक काम झालं. उकळण्याचा अंश वर नेणं आणि ॲल्युमिनियम कुजू न देणं, ही दोन कामं आपल्याला रोज लागतात. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. लहान मुलांच्या हाती लागेल असा डबाही ठेवू नका.

भरल्यावर हवा काढणं विसरू नका. कॅप उघडी, हीटर गरमवर, इंजिन चालू. फॅन एकदा फिरून थांबेपर्यंत बुडबुडे येऊ द्या, पातळी उतरेल तसं भरत राहा. काही इंजिनांना हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो.

थर्मोस्टॅट

गार इंजिन सुरू करून वरच्या पाइपाला जपून हात लावत राहा. सुरुवातीला तो गार राहायला हवा आणि मग थोड्या वेळात एकदम गरम व्हायला हवा. तो क्षण म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. काटा चढतोय आणि रेडिएटरचा पाइप गारच, तर तो उघडत नाही. काढलात तर जुन्या, पुन्हा स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात दोऱ्यानं टांगून पाणी तापवा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

"काढूनच टाका, सोलापुरात कुठं थंडी आहे" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन हवं तेवढं तापत नाही, कंप्युटर गार समजून जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं, तेलात चिकटा होतो. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं आणि गाडी आणखी तापते.

इथून पुढे घरी करू नका

रेडिएटर आतून चोक आहे का, हे तापलेल्या गाडीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवून कळतं. मध्येच गार पट्टे दिसले तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. जुना पितळी रेडिएटर उघडून सळई मारून साफ होतो. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिक टाकीचा असेल तर बदललेलाच बरा.

वॉटर पंप बऱ्याच इंजिनांत टायमिंग बेल्टच्या मागे असतो. बेल्टचा एक दात चुकला तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकू शकतो, म्हणून हे काम टायमिंग बसवण्याची हत्यारं असलेल्या मेस्त्रीकडेच. बेल्ट जुना असेल तर त्याच मजुरीत बदला.

आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि त्याखालच्या ब्लॉकमधला पातळ सीलचा थर. खालीलपैकी एक जरी दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या:

- तेलात पाणी किंवा पाण्यात तेल.
- इंजिन गार असताना स्टार्ट केल्याबरोबर वरचा पाइप कडक होतो.
- हवा काढून झाली तरी रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबत नाहीत.
- गरम इंजिनातूनही दाट, गोड वासाचा पांढरा धूर.
- लालवर गेल्यानंतर गाडी बंद पडली आणि आता स्टार्टर फारच हलका फिरतो.

खात्री करायला ब्लॉक टेस्ट असते. रेडिएटरमधली हवा निळ्या द्रावणातून ओढतात, त्यात जळालेला वायू असेल तर द्रावण पिवळं पडतं. हेड उघडण्याआधी ही टेस्ट मागा. उघडलंच, तर नुसतं नवं गॅस्केट टाकून बंद करू देऊ नका. तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं फट मोजायला लावा, मोठ्या इंजिनना काय चालतं आणि तुमच्याला काय, ते कंपनीच्या मापावर ठरतं. माप बाहेर असेल तर मशीनवर फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या, हेडला चीर नाही ना याची प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि हेडचे बोल्ट कंपनी नवे टाकायला सांगत असेल तर नवेच टाका.

गाडी गॅरेजला देताना कागदावर एवढं लिहून द्या: कुठे आणि किती वेगात तापली, एसी चालू होता का, आठवड्यात पातळी किती उतरली, आत काय-काय भरलंय. हळद किंवा पावडर टाकली असेल तर तेही. परत घेतल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी मार्करच्या खुणेशी पातळी ताडून बघा. हवा निघून पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरली तर भरा. त्यानंतरही उतरत राहिली तर गाडी त्याच आठवड्यात परत न्या आणि प्रेशर टेस्ट पुन्हा करायला सांगा.